गाडीखालचा गंज : रंगाने झाकायचा की कापून काढायचा?

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मिनीबस विकत घेतली होती. घरच्या मंडळींना घेऊन चार गावे फिरता यावे आणि एरवी गाडी लग्नकार्यास भाड्याने द्यावी, असा साधा हिशोब होता. विकणाऱ्याने गाडी पिटावर उभी करून खालून दाखवली. चॅसिसवर काळाभोर ताजा रंग चकाकत होता. ‘खालून एकदम पक्की आहे, बघून घ्या,’ असे तो म्हणाला. आम्ही रंग बघितला आणि पैसे मोजले.

पहिला पावसाळा सरला आणि मागच्या पाट्याचा हँगर क्रॉस मेंबरच्या तुकड्यासह खाली आला. अल्लाहची मेहेरबानी अशी की गाडी त्या वेळी दारात उभी होती. मिस्त्रीने तो भाग खरवडला. रंगाखाली पुट्टी होती, पुट्टीखाली चार टाके घालून चिकटवलेला पातळ पत्रा होता आणि पत्र्याखाली बोटाने चुरा होईल असा गंज होता. पैसे तर गेलेच. पण हीच गोष्ट घाटात घडली असती तर काय, या विचाराने पुढे कित्येक रात्री आम्हास झोप लागली नाही.

हा जुना किस्सा आज सांगण्याचे कारण असे की अलीकडे भोसरीतील एका शेडमध्ये आम्ही असाच प्रसंग पुन्हा पाहिला. फक्त त्याचा शेवट वेगळा झाला. त्यात गाडी घेणाऱ्यांसाठी एक धडा आहे आणि वेल्डिंग, फॅब्रिकेशन व गॅरेजचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या वाचकांसाठी त्याहून मोठा धडा आहे.

रंग मारा, पासिंग जवळ आले आहे

शेडमध्ये उभी होती एक घरगाडी. छोट्या बसच्या चॅसिसवर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय केलेली ही गाडी. तिला कोणी मोटारहोम म्हणतात, तर सरकारी कागदांत ती कॅराव्हॅन असते. मालक कोकणातले. गाडी बरीच वर्षे समुद्रालगतच्या गावात उघड्यावर उभी असायची. पासिंग आठवड्यावर आले होते आणि त्यांचे मागणे एवढेच होते, ‘चाचा, खालून काळा रंग मारून द्या.’

चाचांनी उत्तर दिले नाही. हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते गाडीखाली सरकले. टक्‌टक्‌ असा खणखणीत आवाज काही वेळ येत राहिला. मग एका जागी आवाज बद्द झाला. तिथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर येऊन ते म्हणाले, ‘साहेब, रंग मारायला दोन तास लागतात. मारून देतो. पण मग ही गाडी माझ्याकडे आली होती, हे कोणाला सांगू नका.’

मालक गप्प झाले. हात पुसत चाचांनी चहा मागवला आणि खरी बोलणी तिथून सुरू झाली.

हे काम इथेच का येते?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा गाड्यांवर वाढला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि बजाज टेम्पो, म्हणजे २००५ पासूनची फोर्स मोटर्स, यांच्या अवतीभवती पत्रा वाकवणारे, चॅनेल कापणारे, सीट शिवणारे शेकडो छोटे कारखानदार तयार झाले. पुढे चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आले. नाशिक फाट्यावर केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, पुण्यात गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय आहे. थोडक्यात, चॅसिस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही अशी माणसे या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडतात.

दापोडीला तर एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळाच आहे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे २०१८ च्या सुमारास महामंडळाने अॅल्युमिनियम बॉडीच्या जुन्या गाड्या निवडून त्यांच्या बॉडी उतरवल्या आणि त्याच चॅसिसवर माइल्ड स्टीलच्या नव्या बॉडी बांधल्या. दापोडीसह महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत हे काम झाले. चॅसिस चांगले असेल तर गाडी मोडीत काढावी लागत नाही. मात्र चॅसिस खरोखर चांगले आहे की नाही, हे बॉडी उतरवल्याखेरीज कळत नाही. या दोन्ही गोष्टी या उदाहरणातून ध्यानात याव्यात.

घरगाड्या आपल्याकडे अजून मोजक्याच आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्यांची चर्चा वाढली. चित्रपटवाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन, फिरते दवाखाने, फिरती वाचनालये हीदेखील त्याच जातीची वाहने. शिवाय चाकणच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या आणि शाळांच्या बसगाड्या आहेत. वर काहीही बांधलेले असो, खालचा सांगाडा आणि त्याला लागणारा गंज सारखाच. म्हणून घरगाडीचे काम ज्याला जमले, त्याला बसगाड्यांचे काम शोधत फिरावे लागत नाही.

घरगाडीला गंज लवकर का धरतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मीठ त्यात भर घालते, म्हणून किनाऱ्यावरची गाडी देशावरच्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. गंजाची दुसरी खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. दोन प्लेट एकमेकींवर बसवून रिव्हेट मारलेले असतील, तर मध्ये शिरलेला गंज फुगून त्या प्लेट अलग करतो आणि रिव्हेट ताणून ढिले पाडतो. प्लेटच्या कडा उकललेल्या दिसल्या की आत काय चालले आहे ते समजावे.

बसच्या खाली पाणी रस्त्यावरून येते. घरगाडीत ते वरूनही येते. मोरीचा सांधा गळतो, पाण्याच्या टाकीवर थंडीत दव धरते, छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी प्लायवूडच्या जमिनीत मुरते. ओले प्लायवूड स्पंजासारखे महिनोन्‌महिने चॅनेलच्या डोक्यावर बसून राहते. वरून पाहणाऱ्यास काही दिसत नाही. पाय ठेवला की जमीन किंचित दबते, एवढीच खूण. चौकोनी पाइपचा आतला भाग तर कधी रंगवलेलाच नसतो. त्यात गेलेल्या पाण्याला वाट नसेल तर पाइप आतून खात जातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो.

आणखी दोन जागा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. बॅटरीच्या पेटीखालचा भाग आम्लामुळे जातो. आणि जिथे अॅल्युमिनियम व लोखंड एकमेकांना टेकतात तिथे ओलावा आला की दोहोंत विजेची क्रिया सुरू होऊन सांधा खराब होतो. म्हणून मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर हवाच.

वजनाचाही विचार करावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात बॅटऱ्या, गॅसची टाकी, लाकडी कपाटे व बिछाने आले. बसमध्ये प्रवासी उतरले की वजन उतरते. घरगाडीचे वजन उभ्या गाडीतही चोवीस तास त्याच क्रॉस मेंबरवर असते, आणि खड्ड्यात आदळताना त्याचा मार कित्येक पट होतो.

आधी तपासणी, मग अंदाज

चाचांनी त्या दिवशी वेल्डिंग मशिनला हात लावला नाही. पाण्याच्या फवाऱ्याने चिखल काढला आणि गाडी एक दिवस वाळू दिली. दुसऱ्या दिवशी जमिनीचे प्लायवूड चार ठिकाणी उचकटले. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढले. नंतर हातोडी, पोचा आणि खडू घेऊन पूर्ण सांगाडा तपासला. त्यांच्या खुणा तीन रंगांच्या होत्या. पांढरी खूण म्हणजे वरवरचा गंज, साफ करून रंग पुरे. पिवळी म्हणजे धातू झिजला आहे, मोजून ठरवू. लाल म्हणजे कापायचे.

पिवळ्या खुणांसाठी जाडी मोजावी लागते. कडेला कॅलिपर चालतो. मधल्या भागासाठी आवाजाच्या लहरींवर चालणारे जाडी मोजण्याचे यंत्र मिळते आणि ते छोट्या कारखानदाराच्याही आवाक्यातले आहे. ‘थोडासाच गेला आहे’ हे डोळ्यांचे मत फसवे असते. हिशोब पाहा. तीन मिलिमीटरचा सपाट पत्रा झिजून दोनचा झाला, तर धातू एक तृतीयांश गेला. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. दोन भागिले तीन, याचा घन केला तर सत्तावीसातले आठ उरतात, म्हणजे सुमारे तीस टक्के. एक तृतीयांश धातू जाताना दोन तृतीयांशांहून अधिक ताठपणा जातो. चॅनेल किंवा पाइपमध्ये आकाराचा आधार असल्याने नुकसान एवढे नसते, तरी डोळ्यांना दिसते त्याहून ते अधिकच असते.

तपासणीची मजुरी वेगळी घ्यावी आणि ती आधी सांगावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचे अनेक मिस्त्री तपासणी फुकट करतात आणि मग ती वसूल करण्यासाठी कामाचा आकडा फुगवतात किंवा तपासणीच उरकतात. डॉक्टर तपासण्याचे पैसे घेतो, त्यात कोणास गैर वाटत नाही.

कुठे हात लावावा, कुठे लावू नये

गाडीचा खालचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन बाजूंना दोन लांब मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. त्यावर बॉडी बांधणाऱ्याने टाकलेले आडवे चॅनेल आणि त्यांवर जमीन. काही गाड्यांत मात्र वेगळे चॅसिस नसतेच. बॉडी आणि सांगाडा एकच असतो. तिथे खालचा पत्रा हाच भार घेतो, म्हणून अशा गाडीचे काम त्याच प्रकारचा अनुभव असलेल्यानेच करावे.

बॉडीवाल्याने टाकलेले आडवे चॅनेल गंजले असतील तर ते बदलणे सोपे. तेवढ्याच मापाचे, तेवढ्याच जाडीचे नवे चॅनेल टाकावे. मूळ क्रॉस मेंबर बदलताना अधिक जपावे लागते. तो कारखान्यात रिव्हेटने बसवलेला असतो, कारण रस्त्यावर चॅसिसने थोडे पिळले जाणे आवश्यक असते. तिथे चोहोबाजूंनी वेल्डिंग करून सांधा दगडासारखा केला तर तडा शेजारी जातो. रिव्हेट काढावे लागले तर त्या जागी नेमके बसणारे उच्च ताकदीचे बोल्ट, किमान ८.८ ग्रेडचे, वापरावेत. भोक मोठे करून ढिला बोल्ट घालू नये.

लांब मेंबर म्हणजे गाडीचा कणा. बांबू वाकवला की त्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते आणि मधल्या भागाला फारसे काही होत नाही. मेंबरचेही तसेच. वरची आणि खालची पट्टी सर्वाधिक भार घेते. त्या पट्ट्यांत भोक पाडणे, त्यांवर आडवा टाका घालणे किंवा गॅसने तापवून सरळ करणे म्हणजे कण्यावर घाव घालणे होय. लांब मेंबरला जोड द्यायचाच असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सूचना पुस्तिकेप्रमाणे द्यावा. जोडपट्टीची टोके चौकोनी न कापता निमुळती कापावीत. चौकोनी टोकाशी ताठपणा एकदम बदलतो आणि तडा नेमका तिथूनच सुरू होतो.

पाट्याच्या हँगरजवळ किंवा स्टिअरिंगचा बॉक्स बसतो तिथे लांब मेंबर आरपार गेला असेल, तर छोट्या शेडने ते काम नाकारावे. गिऱ्हाईक नाराज होईल, कदाचित शेजारच्या शेडमध्ये जाईल. जाऊ द्यावे. ज्या कामावर कोणाचा जीव टांगलेला आहे ते काम आपल्या आवाक्याबाहेर असल्यास तसे सांगणे हाही व्यवसायाचाच भाग आहे.

वेल्डिंगपूर्वीची अर्धी लढाई

त्या घरगाडीच्या लाल खुणा मागील भागात होत्या. दोन क्रॉस मेंबर, पाण्याच्या टाकीखालचे सगळे चॅनेल आणि बाहेर काढलेल्या पायरीचा आधार. लांब मेंबर वरवर गंजलेले होते, पण यंत्राने मोजल्यावर पक्के निघाले. काम घेण्यासारखे होते.

पहिल्यांदा गॅसची टाकी बाहेर गेली, तीही शेडपासून दूर. डिझेलची टाकी उतरवली. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या. नवीन गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेटीचेही सॉकेट काढावे लागते, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने ती जळते. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावला, जेणेकरून करंट चाकांच्या बेअरिंगमधून फिरू नये. जमिनीखालचा फोम आणि प्लायवूड हातभर मागे सोलून काढले. हा फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवले आणि एका पोराला फक्त ठिणग्यांवर नजर ठेवण्यास बसवले. काम थांबल्यावरही तो अर्धा तास तिथेच बसून होता.

गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली जाणे हा आमच्या गॅरेजांतला जुना आणि जीवघेणा हलगर्जीपणा आहे. लोखंडी घोड्या किंवा रुंद लाकडी ठोकळे यांवर सांगाडा सपाट आणि समतल टेकवावा. वाकड्या स्थितीत जोडलेले चॅसिस जन्मभर वाकडे राहते. दोन्ही बाजूंच्या कर्णांचे माप कापण्यापूर्वी घ्यावे आणि जोडल्यावर पुन्हा घ्यावे.

कापताना गंज जिथे दिसतो तिथे थांबू नये. चकचकीत, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत कापावे. गंजक्या कडेला घातलेला टाका दिसायला सुंदर असतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. पातळ भागांसाठी सीओटू वेल्डिंग सोयीचे. जाड भागांसाठी ७०१८ जातीचा रॉड चांगला, पण तो भट्टीत वाळवूनच वापरावा; ओल्या रॉडमुळे टाक्यात तडा जाण्याची भीती असते. एकाच ठिकाणी सलग वेल्डिंग न करता इकडे थोडे, तिकडे थोडे असे करावे, म्हणजे उष्णतेने मेंबर पिळत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडायचा असल्यास जस्ताचा थर आधी घासून काढावा. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, हे आमच्या अनेक कारागिरांनी अनुभवले आहे. दूध पिऊन तो टळतो ही समजूत चुकीची आहे. मोकळी हवा आणि योग्य मास्क हाच उपाय.

रंग शेवटी, आणि आतूनही

रंगाला आम्ही नावे ठेवत नाही. रंग हवाच, पण त्याची पाळी शेवटची. गंजाचे रूपांतर करणारे द्रावण बाजारात मिळते. वरवरच्या गंजावर ते उपयोगी आहे, पण पापुद्रे निघणाऱ्या गंजावर ते फासणे म्हणजे कुजलेल्या भिंतीला चुना लावणे. टाक्यांवरचा मळ काढून, लोखंड कोरडे असताना, जस्तयुक्त प्राइमर लावावा. त्यानंतर इपॉक्सी रंगाचे थर द्यावेत. नुसते रेडऑक्साइड आणि वर काळा रंग ही जुनी पद्धत पुरेशी नाही.

पाइप आणि बंद पोकळ्यांच्या आत मेणयुक्त द्रव फवारावा. सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी भोक ठेवावे. ते क्रॉस चॅनेलला चालते, लांब मेंबरच्या पट्टीला चालत नाही. डांबरासारखा जाड थर सरसकट थापू नये. तो एका जागी उकलला की आत पाणी धरून ठेवतो आणि पुढच्या तपासणीत काहीच दिसू देत नाही. सुटे चॅनेल नव्याने बनवायचे असल्यास गरम जस्तात बुडवून घेण्याचा पर्याय उत्तम आहे. मात्र बंद पाइपला हवा जाण्यासाठी भोक ठेवणे तिथे सक्तीचे असते, कारण सुमारे साडेचारशे अंश तापलेल्या जस्तात आतली हवा आणि ओलावा फुगून पाइप फुटतो.

कागदपत्रांचा भाग

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. गंजलेल्या मेंबरच्या जागी तसाच मेंबर घालणे ही दुरुस्ती आहे. चॅसिस लांबवणे, मागचा भाग वाढवणे हा बदल आहे. या दोहोंतील रेषा मिस्त्रीने ओळखली पाहिजे. चॅसिस क्रमांक ज्या भागावर ठोकलेला असतो त्या भागाला आरटीओला लेखी विचारल्याशिवाय ग्राइंडर लावू नये. तो क्रमांक गेला तर प्रामाणिक मालकावरही चोरीच्या गाडीचा संशय येतो. बस बॉडी नव्याने बांधायची असल्यास एआयएस-०५२ या मानकाचे नियम लागू होतात. ते काम मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरचे.

व्यापारी गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते. म्हणजे जुन्या गाड्यांचे मालक ठरावीक काळाने शेडच्या दारात येणारच. ते रंगासाठी येतात की दुरुस्तीसाठी, हे बरेचसे आपल्यावर अवलंबून आहे.

धंद्याचा हिशोब

या कामात लोखंडाचा खर्च कमी आणि मजुरी जास्त असते. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट सुमारे साडेएकतीस किलो भरते. एका घरगाडीच्या दुरुस्तीस अशा दोन-चार प्लेटहून अधिक माल क्वचित लागतो. खरा वेळ जातो तो जमीन उचकटण्यात, टाक्या उतरवण्यात आणि सर्व पुन्हा बसवण्यात. म्हणून ‘किलोवर’ भाव सांगणारा मिस्त्री एकतर स्वतः बुडतो किंवा काम बुडवतो. अंदाजपत्रकात तपासणी, उतरवणे, लोखंडकाम, रंग आणि पुन्हा बसवणे अशी पाच कलमे वेगळी लिहावीत. जमीन उघडल्यावर नवे नुकसान दिसले तर काम थांबवून मालकास विचारायचे, हेही त्यातच लिहावे. भांडणे बहुधा याच मुद्द्यावर होतात.

भंगारातील चॅनेल स्वस्त पडते म्हणून मेंबरसाठी वापरण्याचा मोह टाळावा. त्याची जात, त्याने आधी सोसलेला भार, आतला गंज यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नसते. दरवाजे, कड्या, पायऱ्या यांसाठी जुना माल जरूर वापरावा. हा माल जिथून मिळे त्या कुदळवाडी-चिखली भागातील गोदामे आणि शेड फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत हजारोंच्या संख्येने पाडण्यात आली. अनेकांची वर्षानुवर्षांची रोजी आठवडाभरात गेली. त्या कारवाईची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण नव्याने उभे राहणाऱ्यांनी जागेचे कागद, परवाने आणि उद्यम नोंदणी आधी करून मगच मशिन बसवावे, एवढे आम्ही कळकळीने सांगू. कागद नसलेला कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला कारखान्यांच्या बसगाड्यांचे कंत्राट मिळत नाही.

आमच्या तरुणांनीही या कामाकडे पाहावे. आयटीआयमधील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. शेडमध्ये उस्तादाच्या हाताखाली हात वळतो. पण नकाशा वाचणे, रॉडची जात ओळखणे, टाक्याची परीक्षा करणे हे शिक्षणाने येते. दोन्ही ज्याच्याकडे आहे असा माणूस या पट्ट्यात कधी रिकामा बसलेला आम्ही पाहिला नाही.

गोणीतले तुकडे

त्या घरगाडीला तीन आठवडे लागले. पासिंगची तारीख पुढे गेली आणि मालकांच्या सुट्टीचा बेतही. ते गाडी न्यायला आले तेव्हा चाचांनी आधी बिल दिले नाही. कोपऱ्यातून एक गोणी ओढत आणली आणि तिच्यातले कापलेले तुकडे फरशीवर ओतले. प्रत्येकावर लाल खडूची खूण होती. मालकांनी एक तुकडा उचलला, तो त्यांच्या हातातच दुमडला. त्यांच्या धाकट्या मुलीने दुसरा उचलला आणि त्याच्या भोकातून बापाकडे पाहिले. मग मोबाइलवरचे फोटो दाखवण्यात आले: कापण्यापूर्वीचे, कापल्यानंतरचे, रंगापूर्वीच्या टाक्यांचे. बिलावर घासाघीस झाली नाही. पुढील महिन्यात त्याच मालकांच्या ओळखीने एका शाळेच्या दोन बसगाड्या त्या शेडमध्ये आल्या.

आम्हास आमची जुनी मिनीबस आठवली. तिला रंग फासणाऱ्या मिस्त्रीचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही आणि त्याच्याकडे पुन्हा कधी कोणाला पाठवणेही शक्य नाही. त्याला त्या दिवशी दोन तासांची मजुरी मिळाली असेल. त्याचा हिशोब तिथेच संपला.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्या वाचकांनी मृग लागण्यापूर्वी एक रविवार काढावा. गाडी सपाट जागी पक्क्या आधारावर उभी करावी, हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली पाहावे, पाण्याच्या टाकीखाली आणि पाट्यांच्या हँगरजवळ ठोकावे. आवाज बद्द आला तर रंगाचा डबा आणू नये. जमीन उचकटायला तयार असलेला मिस्त्री शोधावा, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून लगेच दुसऱ्या शेडकडे वळू नये.